पंधरा दिवसांची चिठ्ठी

नाना गुरुजींचं नाव निघालं की टेंभुर्णीतली माणसं हात जोडतात. माझ्या मात्र मुठी वळतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून चार गोड शब्दांची वाट बघत कुणी बसायला नको. त्यांच्याबद्दल गोड बोलणारं अख्खं गाव पडलंय. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते मुख्याध्यापक होते आणि त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. आता ते संभाजीनगरला मुलाकडं असतात. अजूनही गावातून कुणी तिकडं निघालं की त्याच्या पिशवीत नानांसाठी काही ना काही जातं. कुणी मोसंबी देतं, कुणी शेवया. माझ्याकडून आजवर काही गेलेलं नाही.

माणूस दिसायला देखणा, हे कबूल करते. पांढराधोप शर्ट, भांग सरळ, खिशाला दोन पेनं आणि त्या पेनांच्या मधोमध उभी ठेवलेली डोळ्याच्या थेंबांची बाटली. बोलताना समोरच्याचं कोपर धरायची सवय. सुटायचं म्हटलं तरी सुटता यायचं नाही. पन्नाशीच्या माणसालाही ‘लेकरा’ म्हणायचे. दुपारच्या सुट्टीत प्रत्येकाच्या डब्यात हात घालायचे आणि मला म्हणायचे, “बाई, ठेचा खावा तर तुमच्याच हातचा.” लगेच पुढच्या डब्यापाशी, “सर, तुमच्या मंडळीच्या हाताला काय चव हाये!” सगळे खूश. एवढ्या स्वस्तात खूश होणाऱ्या माणसांचा मला तेव्हाही राग यायचा.

‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून नऊ वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही. कुणाची म्हैस दूध देईना, कुणाचा मोबाईल बंद पडला, कुणाच्या पोरीची सोयरीक जुळेना, नानांकडं उत्तर तयार. “इचारा की राव, मी काहून बसलोय हितं?” असं म्हणून मांडी ठोकायचे. उत्तर चुकलं तर माणूस परत येऊन भांडायचा नाही. आलाच तर नाना त्याचं कोपर धरून चहाला न्यायचे.

आणि मग डोळे. सकाळी परिपाठाच्या आधी शाळेच्या ओट्यावर थेंबांची रांग लागायची. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तर पार फाटकापर्यंत. धुळीनं डोळे लाल झालेले गडी, चुलीच्या धुरानं पाणावलेल्या बाया, कडेवर चिपडलेली लेकरं. सगळ्यांची तोंडं आभाळाकडं. नाना खडूनं पांढऱ्या झालेल्या अंगठ्यानं खालची पापणी ओढायचे, म्हणायचे, “वर बघ, पाखरू बघ,” आणि थेंब सोडायचे. “एक थेंब, बिलकुल आराम!” की झाला पुढचा. बाटलीचं टोक या डोळ्याला टेकायचं, त्या डोळ्याला टेकायचं. एकाच डोळ्याला त्रास असला तरी थेंब दोन्हींत. “जोडीनं टाकावं लागतंय. एकाला टाकलं की दुसरा रुसतो,” हे त्यांचं शास्त्र. लोक हसायचे, दुसराही डोळा पुढं करायचे. पैसा मात्र कुणाकडून कधी घेतला नाही. घेतला असता तर लोकांनी निदान विचारलं तरी असतं, की यात आहे काय.

या डॉक्टरकीचा उगम एका चिठ्ठीत होता. फार वर्षांपूर्वी नानांचे स्वतःचे डोळे आले होते, चांगले चिघळले होते. शहरातल्या कुठल्याशा डॉक्टरनं थेंब लिहून दिले, आराम पडला. दुसऱ्या माणसानं ती चिठ्ठी फेकून दिली असती. नानांनी ती लॅमिनेट केली. आम्हा शिक्षकांना ती एक खोडच असते, हाती लागेल तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालायचा. ऑफिसातल्या कपाटाच्या दाराला आतून वेळापत्रक चिकटवलेलं होतं, त्याच्या शेजारी ही चिठ्ठी अडकवलेली. औषध संपलं की कुणीतरी ती घेऊन दुकानात जायचं, दुकानदार नुसती लांबून बघायचा आणि बाटली काढून द्यायचा. एका चिठ्ठीवर त्या माणसानं अकरा वर्षं गावाचे डोळे चालवले.

माझ्या आईला त्या रांगेत मीच उभं केलं. कुणी ढकललं नव्हतं. वडील गेल्यावर मी तिला माझ्याकडं आणलं. भाऊ पुण्याला, त्याचं घर दोन खोल्यांचं. लेकीच्या दारी आई राहते म्हटल्यावर गावाचे कान तसेही टवकारलेले असतात. त्यात तिच्या डाव्या डोळ्यातून सारखं पाणी गळायला लागलं. डोळा जरा लाल असायचा, पण दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, पाणी गालावरून ओघळायचं आणि ती पदरानं टिपायची. आमची आई तशी खडखडीत, रडणाऱ्यातली नाही. पण हे लोकांना कोण सांगणार? एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलो होतो. शेजारची एक बाई आईजवळ सरकली आणि मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, “आक्का, लेक पोटाला तरी घालती ना बराबर? रडू नका वो.” आई हसून म्हणाली, “अगं बाई, मी रडून राह्यले न्हाई, डोळा गळतो माझा.” त्या बाईनं मान हलवली, पण विश्वास काही ठेवला नाही. मला अशी लाज वाटली की विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला हाताला धरून ओट्यावर नेलं.

“हात्तिच्या, एवढंच का?” नाना म्हणाले. “आक्का, वर बघा, पाखरू बघा.”

आठ दिवसांत डोळ्याची लाली गेली. सकाळी पापणी चिकटायची, ती चिकटायची थांबली. आई म्हणाली, “थंडगार वाटतंय गं.” पाणी मात्र काही थांबलं नाही. मी नानांना विचारलं, तर म्हणाले, “येऊ द्या ना बाई, आतली घाण भाईर पडून राह्यली. घाण राह्यलेली चांगली का पडलेली?” याला मी मान डोलवली. डी.एड. झालेली, पोरांना विज्ञान शिकवणारी बाई मी. पाठ्यपुस्तकातली डोळ्याची आकृती फळ्यावर काढून भाग दाखवणारी. आणि मान डोलवली! पुढं पुढं रोज रांगेत कशाला उभं करायचं म्हणून नानांनी बाटलीच घरी दिली. सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत मी स्वतःच्या हातानं थेंब टाकत होते. दोन वर्षं.

मधल्या काळात आई दाराच्या चौकटीला खांदा थडकवायची. ताटात डाव्या बाजूला वाढलेली चटणी तशीच राहायची. चहा कपाच्या बाहेर सांडायचा. मी खेकसायचे, “आई, बघून चाल की जरा!” ती म्हणायची, “वय झालं गं.” आज ते ‘बघून चाल’ आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

मग एका सकाळी नाकाच्या कडेला, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी सुपारीएवढी गाठ आली. लालभडक, हात लावू देईना, अंगात ताप. तेव्हा कुठं मी रजा टाकली आणि तिला जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाई नव्हती तिला. म्हणाली, “डोळ्यात पाणी सगळ्यांच्याच तयार होत असतं. ते कोपऱ्यातल्या बारीक भोकांतून आत जातं, तिथून नळीनं नाकात उतरतं. आईंची ती नळी बंद आहे. घरातली मोरी तुंबली तर पाणी उंबऱ्यावरून बाहेर येतं ना, तसं. साचलेल्या पाण्यात पू झाला, त्याची ही गाठ.” आधी गोळ्या देऊन सूज उतरवली. पुन्हा बोलावून बोथट सुईनं कोपऱ्यातून पाणी सोडून पाहिलं आणि विचारलं, “आजी, घशात खारट लागलं का?” आई म्हणाली, “न्हाई वो.” सोडलेलं पाणी तसंच्या तसं गालावर परत आलं. नळी पक्की बंद. डॉक्टरीण म्हणाली, कुठलेही थेंब टाकले तरी ही उघडणार नव्हती, छोटं ऑपरेशन करून नाकात नवी वाट काढून द्यावी लागते. आणि सगळ्यांचं असंच असतं असंही नाही. कुणाचा डोळा कोरडा पडल्यामुळं गळतो, कुणाची पापणी आत वळलेली असते. म्हणून आधी बघावं लागतं. नानांनी एवढ्या वर्षांत हे एक काम कधी केलं नव्हतं. बघायचं.

खरा घाव पुढं होता. डॉक्टरिणीनं दोन्ही डोळ्यांतला दाब मोजला, परत मोजला आणि विचारलं, “कोणते थेंब टाकता?”

मी पर्समधून बाटली काढून दिली.

“किती दिवस?”

“दोन वर्षं,” मी म्हणाले.

तिनं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि ती टेबलावर ठेवली. मग सांगितलं. यात स्टिरॉईड आहे. थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली टाकायचं औषध. लाली झटकन जाते, म्हणून माणसाला वाटतं गुण आला. वर्ष-दोन वर्षं टाकत राहिलं की काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, आतली शीर वाळते. याला काचबिंदू म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही, आधी कडेचं दिसायचं जातं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. गेलं ते परत येत नाही. उरलेलं सांभाळायचं. आईला आता बांगडीतून बघितल्यासारखं मधोमध तेवढंच दिसत होतं. ज्या उजव्या डोळ्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं, त्याचंही तेच. तो रुसू नये म्हणून ना!

ऑपरेशन झालं, पाणी थांबलं. आज आईचा गाल कोरडा ठणठणीत आहे. शेजारणींना बोलायला जागा उरली नाही. फक्त आईला भिंतीचा आधार घेतल्याशिवाय न्हाणीपर्यंत जाता येत नाही.

शाळेत हजर झाल्यावर पहिलं काम केलं ते कपाट उघडायचं. चिठ्ठी वाचली. डॉक्टरचं अक्षर वाईट होतं, पण मराठीत लिहिलेलं ‘१५ दिवस’ कुठल्याही पोराला वाचता आलं असतं. त्या कपाटात खडू असायचे. मी ते रोज उघडत होते. पंधरा ही संख्या मी रोज बघत होते.

चिठ्ठी उपटून ओट्यावर गेले. रांग होतीच. एका बाईच्या डोळ्यावर नानांनी बाटली धरलेली. मी सगळ्यांसमोर विचारलं, “नाना, हे वाचलंत का कधी? पंधरा दिवस लिहिलंय. माझ्या आईचे दोन्ही डोळे घालवलेत तुम्ही.”

नाना शांत. तोंडावरचं हसूसुद्धा हललं नाही. “बाई, बसा आधी. पाणी आण गं कुणीतरी. आक्काचं ऐकून मला बी वाईट वाटलं. पण वय न्हाई का झालेलं? औषधानं असं होत असतं तर मी पहिला आंधळा झालो असतो. अकरा वर्षं मी सोता टाकून राह्यलो, रोज. सांगा, मला दिसत न्हाई का?”

रांगेतली माणसं माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच कुणाचे डोळे फोडायला आले होते. एक म्हातारा म्हणाला, “फुकट करून राह्यला माणूस, त्येच्यावर बी आळ?” जिच्या डोळ्यावर बाटली होती ती बाई म्हणाली, “टाका नाना, मला कामावर जायचंय.” आणि नानांनी माझ्या देखत थेंब टाकला. केंद्रप्रमुखांकडं अर्ज दिला, तर ते म्हणाले, “मॅडम, भल्या माणसाची रिटायरमेंट तोंडावर आली. कशाला?” सगळ्यात वर कडी आईची. तिला कळल्यावर ती माझ्यावरच कडाडली. “त्या देवमाणसाला चारचौघांत बोललीस? त्यानं काय मुद्दाम केलं का? थेंब तर तूच टाकीत व्हतीस!” खरं बोलली होती. मी नानांचा दुप्पट राग करायला लागले. एवढा मोठा राग एकट्या माझ्या अंगावर पेलवला नसता.

नाना वाजतगाजत निवृत्त झाले. रांग शाळेच्या ओट्यावरून त्यांच्या घराच्या ओसरीवर गेली, एवढाच फरक. मी मनात एकच धरून बसले होते. या माणसानं एकदा, फक्त एकदा ‘माझं चुकलं’ म्हणावं. मग माफ करायचं की नाही, ते मी बघेन.

पुढच्या पंधरा ऑगस्टला शाळेनं त्यांना झेंडावंदनाला पाहुणे म्हणून बोलावलं. मी पोरांच्या ओळीमागं उभी होते. सत्काराचं ताट घेऊन सातवीची एक पोरगी नानांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. नाना समोरच बघत होते. पोरगी तशीच उभी. नव्या मुख्याध्यापकांनी खाकरून खुणावलं तेव्हा नानांनी सबंध मान वळवली आणि दचकले. “अरे, ही कवा आली?” सगळे हसले. खाली उतरताना पायरीच्या कडेला पाय अडखळला. पुन्हा हशा. “नाना म्हातारे झाले!” कुणीतरी म्हणालं.

मी हसले नाही. त्या मैदानावर दोनशे माणसं होती आणि त्यांतल्या एकट्या मला कळलं होतं की मी काय बघितलं. ते अख्खी मान वळवणं, ते दचकणं, ती पायरी. दोन वर्षं माझ्या घरात मी तेच बघितलं होतं आणि त्यावर खेकसले होते. नाना हसत हसत माझ्यासमोर आले. “काय बाई, अजून राग हाये का?” मी म्हणाले, “लाडू घ्या, नाना.” आणि निघून आले.

सांगणार होते, असं मी स्वतःला सांगत राहिले. गणपती बसले, उठले. दसऱ्याला सोनं द्यायला नाना आईकडं आले, चौकटीला खांदा थडकवून आत आले. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. दिवाळी झाली. मला काय वाटत होतं ते स्पष्टच सांगते. बरं वाटत होतं. होऊ दे म्हटलं. कळू दे यालाही, बघून चाल म्हणजे काय ते.

संक्रांतीनंतर नानांची मोटरसायकल बाजूनं येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. पाय मोडला. जालन्याच्या दवाखान्यात कुणा शहाण्या डॉक्टरला वाटलं, एवढी मोठी ट्रॉली या माणसाला दिसली कशी नाही? डोळे तपासले आणि पुढचं सगळं बाहेर आलं.

नाना दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले. भेटायला नाही, ऐकायला. ‘माझं चुकलं’ ऐकायला. ओसरी रिकामी होती. नाना आत खाटेवर पाय उशीवर ठेवून पडलेले. खिशात पेनं नव्हती, बाटली नव्हती. माझी चप्पल वाजली तशी त्यांनी सबंध मान वळवली, तरीही माझ्यापासून हातभर बाजूला बघितलं.

“कोण? बाई का? या.”

मी बसले. काही विचारावं लागलं नाही. त्यांनीच सांगितलं. डावा गेला. उजव्यात थोडं उरलंय. “डॉक्टर म्हणला, पाच-सहा महिने आधी आला असतात तर उजवा चांगला वाचला असता. आता मला कसं कळावं वो? दुखत न्हाई, खुपत न्हाई.” जरा थांबून म्हणाले, “आक्काचं तुम्ही समदं पाह्यलेलं. माझं कधी ध्यानात आलं तुमच्या?”

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं म्हणता आलं असतं. पण त्या माणसासमोर खोटं बोलायची मला लाज वाटली.

“झेंडावंदनाला,” मी म्हणाले.

नानांनी छातीवरचा हात उचलला आणि अंगठा बोटांवरून फिरवायला लागले. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. ओठ हलत होते, आवाज नव्हता. अंगठा पाचव्या पेरावर थांबला. मी वाट बघत होते. ओरडेल, शिव्या देईल, बाई नव्हे तू कैदाशीण म्हणेल. त्यानं हात परत छातीवर ठेवला.

मग आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाला, “अगं, चहा टाक. बाई आल्यात. साखर कमी घाल त्यांच्यात.” आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या भिंतीकडं बघत म्हणाला, “तुम्ही सांगितलं असतं तरी मी कुठं ऐकणार व्हतो, बाई? जाऊ द्या. आक्काला म्हणा, मास्तरचं चुकलं.”

मी ज्यासाठी इतके दिवस थांबले होते ते वाक्य हे. आणि ते त्यानं आईला दिलं. मला नाही. मला नुसतं ‘जाऊ द्या’.

चहा आला. मी प्याले. इतका राग मला त्या माणसाचा कधीच आला नव्हता.